जीटी मारायच्या आधी एकदा वाच

प्रिय मुली,

परवा रात्री दीड वाजता तुझा मेसेज आला, मी सकाळी पाहिला आणि मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही, कारण ते लोकलमध्ये उभ्या उभ्या दोन ओळीत देण्यासारखं नव्हतं. तू लिहिलंयस की ताई, आर्किटेक्चरला डिझाइनमध्ये मजा येते, पण कन्स्ट्रक्शनच्या शीट्स म्हणजे नुसती उतरवाउतरवी, सिनियरची शीट काचेवर ठेवायची, खालून बल्ब लावायचा आणि जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायची, अख्खा वर्ग तेच करतो मग मीच का डोळे फोडू. आणि शेवटी हळूच लिहिलंयस की स्ट्रक्चर्सला जेमतेम पास झालीस, बाबांनी एवढी फी भरलीय, आपण चुकीच्या लाइनला तर आलो नाही ना.

नाही आलीस. हे आधी वाच आणि मग पाणी पिऊन पुढचं वाच.

तू जो फोटो पाठवलास ना शीटचा, दगडी भिंतीचा, रँडम रबलवाला म्हणजे ओबडधोबड दगडांचा, तो मी झूम करून पाहिला. लाइनवर्क छान आहे तुझं, हात बसलाय. पण भिंतीचा सेक्शन म्हणजे उभा छेद काढलायस त्यात एक दगड आहे जो भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जातो, त्याच्यावर बाण काढून तू थ्रू स्टोन असं सुंदर अक्षरात लिहिलंयस. तो तिथं का आहे? सरांनी विचारलं तर सांगता येईल का? मला वाटतं नाही येणार, कारण काचेवरून रेघ खालच्या शीटमधून वरच्या शीटमध्ये येते, कारण येत नाही.

तुमचं गाव पाटण तालुक्यातलं ना. यावेळी मे महिन्यात जाशील तेव्हा आजीला विचार की १९६७ च्या भूकंपाचं काय आठवतं. डिसेंबरातली पहाट होती, लोक झोपेत होते, कोयनेच्या खोऱ्यात दगडमातीची घरं बसली. आमच्या पिढीनं दुसरा पाहिला, किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३, तोही पहाटेचाच, आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. मी तेव्हा कॉलेजला होते. हजारो माणसं गेली आणि त्यातली कितीतरी स्वतःच्या घराच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड धाब्यांखाली गेली. भिंती काही बारीक नव्हत्या, चांगल्या दोन-अडीच फूट आणि त्याहून जाड. पण जाड दगडी भिंत ही बऱ्याचदा एक भिंत नसतेच, बाहेरून एक थर रचलेला, आतून एक थर रचलेला आणि मधे चिपा नि माती भरलेली. वरून खाली वजन येतंय तोवर सगळं ठीक. जमीन आडवी हलली की दोन्ही थर पोट फुगल्यासारखे वेगळे होतात, एक घरात पडतो एक गल्लीत पडतो आणि वरचं छप्पर खाली येतं. त्या दोन थरांना धरून ठेवतो तो तुझा बाणवाला दगड. भूकंपाच्या भागातल्या दगडी बांधकामासाठी आपला आयएस कोड, म्हणजे भारतीय मानक, सांगतो की उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि आडव्यात जास्तीत जास्त १.२ मीटरवर असा आरपार दगड हवा, आणि किल्लारीनंतर उभ्या राहिलेल्या जुन्या भिंतींत भोकं पाडून काँक्रीटचे असे टाके घातले गेले. एवढी माणसं त्या एका रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे आहेत. ती रेघ तू रात्री एक वाजता बल्बच्या उजेडात अर्ध्या मिनिटात मारलीस.

मी तुला अपराधी वाटावं म्हणून नाही लिहीत. मीही मारल्यात जीट्या, भरपूर, आणि त्याचं काय झालं तेही सांगते.

पहिली नोकरी ठाण्यातच होती, नौपाड्याच्या बाजूला चार मजली इमारतीचं काम, आणि खिडकीचा डिटेल मी काढला होता. खाली कडप्प्याची पट्टी, बाहेर दोन इंच काढलेली, शीटवर एकदम सरळ आडवी रेघ, कॉलेजात काढली होती तशीच्या तशी. काम झालं, लोक राहायला आले, जून आला. तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहायच्या, त्यांनी बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. खिडकीपाशी नेलं, तिथं जुन्या टॉवेलची घडी घालून ठेवली होती आणि ती ओलीचिंब होती, खालच्या भिंतीला पोपडे आणि पलंग खोलीच्या मधोमध ओढलेला. म्हणाल्या, दर दोन तासांनी पिळते मी हे. मला काय बोलावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी साइटवरच्या गवंडी मामांना घेऊन गेले. त्यांनी काही न बोलता मोरीतून पाण्याचा मग भरून आणला आणि कडप्प्यावर ओतला. आम्ही दोघं बघत राहिलो. अर्धं पाणी आत आलं, कारण दगड बसताना आतल्या बाजूला केसभर झुकला होता आणि शीटवर मी उतार दाखवलाच नव्हता, सरळ रेघ होती ना. उरलेलं बाहेर गेलं पण कडेवरून खाली पडलं नाही, कडेला वळसा घालून दगडाच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडं चालत आलं आणि सांध्यात मुरलं. घरी चहाचं पातेलं हळू ओतलं की चहा कपात पडायच्या ऐवजी पातेल्याच्या पोटावरून ओघळतो ना, तसंच अगदी. मग मामांनी दगड काढून बाहेरच्या बाजूला चांगला उतार देऊन परत बसवला आणि पुढे आलेल्या भागाच्या खालून कडेशी कटरनं बोटभर रुंदीची खाच मारली. पुन्हा मग ओतला. पाणी खाचेपर्यंत आलं आणि तिथून टपटप खाली. छज्जाच्या खाली जी बारीक खोबण असते तीही ह्याचसाठी, तुमच्या शीटवर ती छोट्याशा अर्ध्या गोलानं दाखवतात आणि जीटी मारताना हमखास राहून जाते.

त्या दिवसापासून आजपर्यंत ताबा देण्याआधी मी प्रत्येक खिडकीवर मगभर पाणी ओतून बघते. शीट काढताना पण तेच करायचं, मनात मग घ्यायचा आणि वरून ओतायचा, गच्चीवर पडलेलं पाणी कुठून कुठं जाईल ते बोटानं शीटवर फिरवत खाली जमिनीपर्यंत यायचं, जिथं बोट अडकलं तिथं तुझी शीट अडकली. एवढं एक केलंस तरी वॉटरप्रूफिंग, छज्जा, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा, बाथरूमचा संक म्हणजे खाली घेतलेली स्लॅब, असे निम्मे चॅप्टर पाठ न करता येतील.

आता तुझ्या घराचं बोलू, कारण माझ्या मते तुझ्या कॉलेजच्या लॅबपेक्षा चांगली लॅब कोपरखैरण्यातलं तुमचं घर आहे. मी आले होते तेव्हा पाहिलंय, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांच्या, समोर गल्ली, मागं मोरी नि चिंचोळी जागा, आणि बाबांनी पै पै साठवून वर चढवलेला मजला ज्यात तू ड्रॉइंग बोर्ड लावलायस. तू म्हणालीस वरची खोली रात्री अकरालाही भट्टी असते, बाहेर गार झालं तरी. ते का होतं? स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि काही तासांनी ती उष्णता खालच्या बाजूनं सोडायला लागते, म्हणजे तू अभ्यासाला बसतेस तेव्हाच. ह्याला टाइम लॅग म्हणतात आणि हा तुला क्लायमॅटॉलॉजीला, म्हणजे हवामानाच्या विषयात, येणार आहे, तिथं आलेख असेल, पण तुझ्या डोक्यावर तो खराच आहे. दोन साधे थर्मामीटर घे, एक गच्चीवर सावलीत, एक खोलीत, आणि आता एप्रिल-मे पंधरा दिवस दर तीन तासांनी वहीत आकडे लिही. मग गच्चीला पांढरा चुना मार, दोन हात, खर्च फार नाही, भावाला घे मदतीला, आणि परत पंधरा दिवस लिही. कॉलेजनं सांगितलं नाही तरी कर. तुझ्या हातचे आकडे तुला कोणी विसरायला लावू शकत नाही.

हवेचं पण तसंच. उदबत्ती लाव आणि घरभर फिर. खिडकीशी, दाराशी, जिन्यात, धूर कुठं वळतो ते बघ. मला खात्री आहे की धूर जिन्यात वर चढेल आणि वर जाऊन कोंडेल, कारण जिन्याचा डबा वरून बंद आहे. गरम हवा वर जाते हे आपण शाळेतच शिकतो, पण आपल्याच घरात तिला बाहेर पडायला जागा ठेवलीय का हे बघत नाही. वरच्या पत्र्याच्या दाराशेजारी सिमेंटची एक जाळी बसली आणि खालची मागची खिडकी उघडी राहिली तर पंखा न लावता हवा खेळते की नाही ते करून बघ. पावसाची झड आत येईल, मग जाळीला बाहेरून तिरक्या पट्ट्या लागतील, त्याचा डिटेल तू काढ आणि मला दाखव. हीच तुझी कन्स्ट्रक्शनची शीट, कोणाची काचेवर ठेवशील?

आणि सूर्य. सन पाथ डायग्राम, म्हणजे सूर्य वर्षभर आकाशात कुठून कुठं जातो त्याची आकृती, बघून तुला चक्कर येते म्हणालीस. त्या डायग्रामला थोडे दिवस बाजूला ठेव. १५-१६ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमाराला गच्चीवर एक पाइप उभा कर, सावली नाहीशी होईल, कारण सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आपल्याकडं. जुलैच्या शेवटी परत एकदा तसं होतं, पण तेव्हा ढग. मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे ऐकून माझ्या वर्गातली निम्मी पोरं हबकली होती. उलट डिसेंबरात तो दक्षिणेला खाली उतरतो, दुपारी जेमतेम सत्तेचाळीस अंशांवर. आता हिशोब कर, दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा म्हणजे ४५० मिलिमीटरचा छज्जा आहे, मार्चमध्ये भर दुपारी तो खाली साधारण १.३ मीटर सावली देतो, डिसेंबरात अर्धा मीटर पण नाही, म्हणजे थंडीत ऊन आत येऊ देतो आणि उन्हाळ्यात अडवतो. नुसती टॅनजंटची गंमत आहे, दहावीची. पण हाच छज्जा पश्चिमेला लावलास तर संध्याकाळी चारला सूर्य त्याच्या खालून सरळ आत. घोडबंदर रोडला एवढे टॉवर झालेत, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि आतून सगळ्यांनी जाड पडदे ओढलेले, जाताना बसमधून मोज कधीतरी.

पश्चिमेचा हा गुंता आपल्या भागात जुना आहे, कारण समुद्राचा वारा, चांगला देखावा, कडक ऊन आणि पावसाचा मारा हे चारही त्याच बाजूनं येतात. मुंबईत कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत बघ, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, १९८३ ची, २८ मजले, आणि कोपऱ्यांना दोन मजले उंचीच्या बागेसारख्या खोल गच्च्या कोरल्यात. जुन्या बंगल्याला चारी बाजूंनी व्हरांडा असायचा तोच त्यांनी वर नेला, ऊन-पाऊस व्हरांड्यात थांबतो आणि वारा आत जातो. तुमच्या गावच्या घरची पडवी पण तेच काम करते की, कोरियांचं नाव ऐकायच्या कितीतरी आधीपासून.

कोरियांवरून आठवलं, ते तुझ्या शहराचेच. साठच्या दशकात कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबई उत्तरेला ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडं नवं शहर करा, तीच आपली नवी मुंबई, ती वसवायला १९७० ला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढची पाच वर्षं कोरिया तिथं चीफ आर्किटेक्ट होते. आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज केलं. तू कोपरखैरण्याहून ठाणे-पनवेल गाडीत बसलीस की तासाभरात तिथं. सात घरं आणि मधे आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण. प्लॉट लहान, पंचेचाळीस ते पंच्याहत्तर चौरस मीटर. पण महत्त्वाची गोष्ट अशी की शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही. का, तर उद्या माझ्याकडे पैसे आले, मुलगा मोठा झाला, तर मला शेजाऱ्याला न दुखवता घर वाढवता यावं. आणि लोकांनी वाढवलं, इतकं की मूळची घरं आता शोधावी लागतात. काही लोकांना त्याचं वाईट वाटतं. मला नाही वाटत, अंगणं टिकलीत, मुलं खेळतात, तुळस आहे. तुझ्या बाबांनी मजला चढवताना सामाईक भिंतीवरून शेजाऱ्यांशी काय काय झालं ते तू मला सांगितलंस ना, ती एक रेघ प्लॅनवर एकच ठेवायची की दोन, ह्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या घरानं तीस वर्षं भोगलंय. डिझाइन वेगळं आणि कन्स्ट्रक्शन वेगळं असं म्हणतेस तू, मग ही भिंत कुठल्या विषयात टाकशील?

साइटला जा. कॉलेजची व्हिजिट असते ती चाळीस जणांची, अर्धे सेल्फी काढतात, मुकादम घाईत असतो. तू एकटी किंवा दोघी मिळून जा, परवानगी मागून, बूट आणि हेल्मेट घालून, आणि स्लॅब भरायच्या दिवशी जा, सकाळी सातला. काँक्रीटच्या गाड्या यायच्या आधी सळ्यांखाली कव्हर ब्लॉक ठेवलेत का ते वाकून बघ. ते छोटे ठोकळे सळी आणि सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) यांच्यात अंतर राखतात, सौम्य हवेत ते अंतर २० मिलिमीटर चालतं, पण खाऱ्या हवेच्या कडक माऱ्याला कोड ४५ मागतो. आपण खाडीकाठचे लोक, आपल्याकडं खारं वारं काँक्रीटमधून आत शिरतं, सळी गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, जागा नसली की काँक्रीट फोडून बाहेर येतो. वाशीतल्या, नेरूळमधल्या जुन्या बिल्डिंगींत छताचे पोपडे पडून आतली लाल सळी दिसते ती ह्यामुळं. मग मिक्सर येईल, ट्रॅफिकमध्ये अडकून माल घट्ट झालेला असेल आणि कोणीतरी हळूच पाइप लावून त्यात पाणी मारेल. तो क्षण बघ. काम सोपं होतं आणि ताकद कमी होते, पुस्तकात वॉटर सिमेंट रेशो म्हणतात तो हाच पाइप. त्या मालाचे १५० मिलिमीटरचे क्यूब भरतात, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी फोडतात, एम २० म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन. आणि नंतर आठवड्यानं परत जा, स्लॅबवर पाण्याची आळी केलीत का बघायला, साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, राख (फ्लाय अॅश) किंवा भट्टीची मळी (स्लॅग) मिसळलेल्याला निदान १० दिवस ओलं ठेवावं लागतं. गवंडी, फिटर, सेंट्रिंगचे सुतार, सगळ्यांना नमस्कार करून विचार, अहो काका हे असं का, नव्वद टक्के माणसं काम थांबवून दाखवतात. ओळंबा हातात घे, गुण्या लावून बघ, लेव्हल ट्यूबचं एक टोक तू धर.

एवढं बघून आलीस की स्ट्रक्चर्सचं पुस्तक उघड. बेंडिंग मोमेंट म्हणजे काय हे फुटपट्टी दोन पुस्तकांवर ठेवून मधे बोट दाबून बघ, खालची बाजू ताणली जाते, म्हणून सळी खाली. बाल्कनीला बाहेर अधांतरी काढलं की वरची बाजू ताणली जाते, म्हणून सळी वर. स्लॅब भरताना बिगाऱ्यांच्या पायाखाली ती वरची सळी दबून खाली गेली तर शीटवर सगळं बरोबर असून बाल्कनी पडू शकते. तू गणितात कच्ची नाहीस, तुला अजून कोणी हे बोटानं दाबून दाखवलं नाही एवढंच.

पैशाचं थोडक्यात, कारण तू विचारलं नसलंस तरी मला माहितीय डोक्यात ते असणार. महागडा लॅपटॉप आत्ता नको, पहिली दोन वर्षं हातानं काढ, सॉफ्टवेअर नंतर दोन महिन्यांत येतं. मॉडेलला फोम बोर्डच हवा असं नाही, एपीएमसी मार्केटात बाबांच्या ओळखीनं फळांचे पुठ्ठ्याचे खोके मिळतील, त्यातून मी आयुष्यातली सगळ्यात चांगली मॉडेल्स पाहिलीयत. ड्राफ्टर, सेट स्क्वेअर, पेनं सिनियरकडून घे, माझ्याकडंही एक सेट पडलाय तो तुझाच. आणि रात्री जागू नकोस इतकं, खरंच. सलग दोन रात्री जागून केलेली शीट आणि झोपून केलेली शीट मी ज्युरीत, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांत, बसून लगेच ओळखते. ज्युरीत कोणी टाकून बोललं तर घरी येऊन रड, पण दुसऱ्या दिवशी ते काय बोलले त्यातलं कामाचं वाक्य वहीत लिहून बाकीचं सोडून दे. एका ज्युरीत माझं मॉडेल सगळ्यांसमोर उचलून बाजूला ठेवलं होतं, तो माणूस तेव्हाही चुकला होता आणि आजही मला तसंच वाटतं, पण माझ्या जिन्याला हेडरूम, म्हणजे डोक्यावर पुरेशी मोकळी उंची, नव्हती हे त्याचं खरं होतं.

पुढं काय करता येतं असं विचारलंयस. पाच वर्षं झाली की काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी, १९७२ च्या कायद्यानं त्याशिवाय नावाआधी आर्किटेक्ट लावता येत नाही. पण फक्त घरं काढणं एवढंच नाही त्यात. इमारतीची उष्णता मोजणारे, उजेड बघणारे, काचेच्या भिंती बसवणारे, जुन्या इमारती दुरुस्त करणारे अशी वेगवेगळी माणसं लागतात आणि आपल्याकडं ती फार थोडी आहेत. राहत्या घरांसाठी २०१८ पासून इको निवास संहिता आहे, त्यात भिंती-खिडक्यांमधून किती उष्णता आत यावी याला आकडा लावलाय, तो काढणारी मुलं मला ऑफिसला शोधून मिळत नाहीत. तुझे ते दोन थर्मामीटर तिथं घेऊन जातात. पण हे चौथ्या वर्षी ठरव, आत्ता नको.

रविवारी मी बेलापूरला आहे, आर्टिस्ट व्हिलेजच्या नाक्यावर साडेनऊला. टेप, वही आणि डबा घेऊन ये, ती दगडी भिंतीची शीट पण आण. एक अंगण आपण दोघी मोजून काढू, आणि येताना वाटेत वाशीला उतरून मिनी सीशोरचा होल्डिंग पाँड दाखवते, भरतीच्या वेळी शहराचं पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही म्हणून तिथं साठवतात आणि ओहोटीला सोडतात. मगानं पाणी ओतून बघायचं ते शहराएवढं कसं करतात ते कळेल. आईला सांग संध्याकाळी सहापर्यंत घरी सोडते.

तुझी,
ताई